पंखाखालचा ठिपका

शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०१४

दसरा. इथं न्यूझीलंडमध्ये झेंडू कुठं मिळाला नाही, मग बागेतली पिवळी डेझी तोडली आणि जुईच्या लॅपटॉपला, माझ्या मोजमापाच्या व्हर्नियरला हळदकुंकू लावलं. जुई किंचाळली, "बाबा, नॉट द यूएसबी पोर्ट!" दहा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. तिकडे सकाळचे साडेदहा, आणि वडील अर्थातच भोसरीच्या शेडमध्ये. पंचाहत्तरी आली तरी सुट्टी म्हणून नाही. पदकं-नाणी ठोकायच्या प्रेसला हार घालून झाला होता आणि नव्या ठशाला तीट लावून झाली होती. ही अण्णांची जुनी खोड. ठसा कोरून झाला की बारीक टोच्यानं त्यात कुठंतरी आडोशाला एकच टिंब मारायचं. त्यामुळे शाळांची क्रीडापदकं असोत की देवस्थानाची नाणी, प्रत्येकावर खसखशीएवढी पुळी उमटतेच. का, तर "चांगल्या कामाला दृष्ट लागते रे, लहान पोराला लावतो तशी तीट लावावी." इंजिनियर झाल्यावर मी एकदा म्हटलं होतं, अण्णा, याला आमच्यात डिफेक्ट म्हणतात. दोन दिवस बोलले नव्हते माझ्याशी.

मुख्य बातमी ही की आज माझ्या संग्रहातला चौथा बिल्ला आला. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन छत्रीधारी सैनिकांचा. पानांचं कडं, त्यात खाली झेपावणारा गरुड, पायात ते तिरकं स्वस्तिक. विभावरी म्हणाली, "ज्यांनी माणसं गॅसमध्ये घालून मारली त्यांच्या वस्तू माझ्या घरात कशाला?" मी म्हटलं, मला त्या माणसांशी कर्तव्य नाही, त्यांच्या ठसेकामाशी आहे. ती म्हणाली, "हे वाक्य एकदा बाहेर जाऊन मोठ्यानं म्हणून बघ." गॅरेजमध्ये जाऊन म्हणून बघितलं. फार बरं वाटलं नाही. पण बिल्ला कपाटात ठेवला.

रविवार, १२ ऑक्टोबर २०१४

युरेका!

चारही बिल्ले दिवसभर भिंगाखाली घेतले. चार देशांतून, चार वेगळ्या विक्रेत्यांकडून आलेले. नकली बिल्ला बहुधा ओतीव असतो: खऱ्यावरून साचा घ्यायचा, त्यात धातू ओतायचा. मग कडा मऊ येतात आणि पाठीवर सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. माझे चारही प्रेसवर ठोकलेले, कडा अशा की बोट कापेल. आणि चौघांवरही गरुडाच्या डाव्या पंखाखाली, सहज दिसणार नाही असा, खसखशीएवढा उंचवटा!

म्हणजे चारही एकाच ठशातून निघालेत. त्या जर्मन कारखान्यात ठशाचा कण उडाला असणार आणि ती खोट प्रत्येक नगावर उमटत गेली. नक्कल करणारा मुद्दाम खोट कशाला घालेल? तेव्हा ठिपका असेल तो अस्सल. मी तर्काचा माणूस आहे, मला यात फट दिसत नाही.

आणि काय काम आहे! पिसाचा दोरा न् दोरा मोजून घ्या. असं आपल्याकडे कोण करणार! अण्णांना एकदा दाखवायला हवं, म्हणावं, बघा, पत्र्याची शेड आणि कारखाना यांत काय फरक असतो तो. बिल्ला हातात घेतला की मात्र का कोण जाणे, घरचंच काहीतरी हातात घेतल्यासारखं वाटतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०१४

संग्राहकांच्या फोरमवर माझ्या लेखाला तीनशे उत्तरं! कॅनडातला एक म्हातारा, जो कुणाचंही कौतुक करत नाही, तो म्हणतो, हा निकष आता कायमचा झाला. लोक त्याला 'यतीनचा ठिपका' म्हणायला लागलेत. विभावरीला दाखवलं. ती म्हणाली, "छान. गवारीच्या शेंगा मोडून दे."

रविवार, १५ फेब्रुवारी २०१५

डेस येऊन गेला. त्याच्याबद्दल इथं अजून लिहिलेलं नाही म्हणजे माझी कमाल आहे. २००८ साली या देशात आलो तेव्हा जाईन तिथं एकच प्रश्न, "न्यूझीलंडचा अनुभव आहे का?" डेस तेव्हा पेनरोजच्या आमच्या प्रेस शॉपचा फोरमन. त्यानं अनुभव विचारला नाही. एक बिघडलेला ठसा हातात दिला आणि म्हणाला, यात काय चुकलंय सांग. मी सांगितलं. म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे झकास. "सोमवारपासून ये." आज आम्ही तिघं इथं दोन वेळा जेवतोय ते त्या सोमवारमुळे. आता तो निवृत्त झालाय, ओनेहंगाला एकटा राहतो, जुन्या मांगेरे पुलावर मासे धरतो आणि आम्हाला स्नॅपर आणून देतो.

आज तंबाखूची जुनी डबी घेऊन आला. आत बिल्ला, माझ्याकडे आहे त्याच प्रकारचा! त्याचे वडील टेड एक्केचाळीस साली क्रीट बेटावर याच छत्रीधारी जर्मनांशी लढले होते, त्यांनी आणलेला. यंदा पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईला शंभर वर्षं, म्हणून २५ एप्रिलला, ॲन्झॅक डेला, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये घरोघरच्या युद्धातल्या वस्तू मांडणार आहेत. डेसला हा मांडायचाय, शेजारी माझी चिठ्ठी. "एक्स्पर्टची सही हवी, मेट."

"ही पिन आहे ना," तो सांगायला लागला, "डॅड म्हणायचा..." मी हात वर केला. आमच्या छंदातला पहिला नियम: वस्तू बघायची, गोष्ट ऐकायची नाही. प्रत्येक नकली बिल्ल्यामागे कुणाचा तरी शूर बाप असतोच. "गोष्ट नंतर, डेस. आधी भिंग."

तो हसला. "फेअर इनफ. पण डॅडनं अख्ख्या युद्धाची मला तेवढी एकच गोष्ट सांगितलीय."

रविवार, २२ फेब्रुवारी २०१५

आठवडाभर बघितला. सगळ्या बाजूंनी फोटो काढले. ठिपका नाही. पानांच्या शिरा माझ्या चौघांपेक्षा वेगळ्या. पिन तर मूळची नाहीच: साधी सेफ्टी पिन कापून, शिशाचं ढेकूळ लावून, एखाद्या नवशिक्यानं डाखलेली. ओढून बघितली, निघाली नाही, पण दिसायला भयंकर.

मन म्हणत होतं, दे लिहून खरा आहे म्हणून, कुणाचं काय जातंय. पण मग माझ्यात आणि बाजारातल्या भामट्यात फरक काय? डेसला बोलावलं आणि सांगितलं.

तो बराच वेळ डबीचं झाकण उघडमीट करत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे डॅड खोटं बोलला."

मी म्हटलं, तसं नाही, कैरोला त्यांची छावणी होती, तिथल्या बाजारात घेतला असेल, बरेच सैनिक घ्यायचे. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, मी भलतंच काहीतरी बोललो. "एकच गोष्ट सांगितली होती त्यानं मला, यतीन. तीही खोटी." चहा तसाच टाकून गेला.

विभावरी म्हणाली, "एवढं तोंडावर सांगायलाच हवं होतं?" मी म्हटलं, खरं ते खरं. ती म्हणाली, "तुला इतकी खात्री कशी असते रे प्रत्येक गोष्टीची?" मी तिला पुन्हा ठिपका दाखवला.

रविवार, ८ मार्च २०१५

डेस फोन उचलत नव्हता म्हणून पुलावर गेलो. होता. शेजारी ती तंबाखूची डबी, आत गळ.

"बिल्ला कुठाय?"

त्यानं हनुवटीनं पाण्याकडे दाखवलं.

माझा विश्वासच बसेना! म्हटलं, अरे नकली असला तरी वडिलांची आठवण होती. "कसली आठवण?" तो म्हणाला. मी अर्धा तास उभा राहिलो, मग गाडीकडे आलो. एवढं काय लागलं त्याला, कळत नाही. मी त्याच्या वडिलांना नाही, एका पितळेच्या तुकड्याला नकली म्हणालो होतो.

शनिवार, २५ एप्रिल २०१५

दरवर्षी पहाटे स्मारकापाशी डेसबरोबर जातो. तो कोटाच्या उजव्या बाजूला वडिलांची पदकं लावतो, कारण डावी बाजू ज्यानं स्वतः मिळवली त्याची. आज तो आला नाही. शंभरावं वर्ष, एवढी गर्दी, आणि डेस घरी! फोन केला तर म्हणाला, "पदकं ड्रॉवरमध्येच बरी आहेत."

हॉलमध्ये मात्र माझे चार बिल्ले मांडले होते. डेसची जागा रिकामी राहिली, म्हणून त्यांनीच मला विचारलं. शेजारी माझं कार्ड: 'अस्सल.' एक आजीबाई काठी टेकत आल्या, त्यांचा भाऊ क्रीटमध्ये गेला. काचेवर हात ठेवून कितीतरी वेळ उभ्या होत्या. माझा ऊर भरून आला. डेसनं बघायला हवं होतं.

शनिवार, १२ डिसेंबर २०१५

अण्णा आले! आई गेल्यापासून बोलावतोय, आज आले. विमानतळावर मेतकूट डिक्लेअर करायला लावलं तर त्या ऑफिसरला चव घेऊन बघा म्हणाले. घरी आल्या आल्या दाराच्या बिजागऱ्या तपासल्या आणि नापास केल्या. कपाट उद्या दाखवतो. जर्मन काम बघून काय म्हणतात ते बघायचंय.

रविवार, १३ डिसेंबर २०१५

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी चहानंतर कपाट उघडलं. एक बिल्ला अण्णांच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, "बघा अण्णा. याला म्हणतात ठसा." त्यांनी सदऱ्याच्या खिशातलं भिंग काढलं. "हं," म्हणाले. उलटा केला. "हं." पुन्हा सुलटा केला. आणि हसायला लागले.

"अरे यत्या, ही तर आपली घार!"

मी म्हटलं, अण्णा, काहीतरी बोलू नका, हा गरुड आहे, जर्मन आहे, सत्तर वर्षांपूर्वीचा आहे. ते म्हणाले, "गरुड असेल त्यांच्याकडे. शेडमध्ये आम्ही घारच म्हणायचो. डाव्या पंखाखाली बघ. तीट."

त्यांच्या हातातलं भिंग घेऊन मी चारही बिल्ले पुन्हा बघितले.

त्यांना कसला आनंद झाला होता! "सूनबाई, अहो इकडे या, आपला माल बघा कुठं येऊन पोचला! कुलपात ठेवलाय पोरानं!" अठ्ठ्याण्णव साली मुंबईचा कुणी आला, सिनेमाला हवेत म्हणाला, पाचशे नग. एक जुना नमुना देऊन गेला. अण्णांनी दोन महिने बसून ठसा हातानं कोरला. "स्वस्तिक तिरकं का विचारलं, तर म्हणाला नमुन्यात आहे तसं काढा. काढलं. तू तेव्हा होस्टेलवर, दुसऱ्या वर्षाला. ते वर्ष या घारीनंच काढलं तुझं."

माझं इंजिनियरिंग! ज्या शिक्षणाच्या जोरावर अण्णांच्या ठिपक्याला मी डिफेक्ट म्हणालो, ते शिक्षण! लहानपणापासून हजार वेळा बघितलेला ठिपका. आणि मी त्याच्यावर शास्त्र लिहिलं. विभावरी दारात उभी होती. मला वाटलं आता बोलणार. ती अण्णांसाठी दुसरा चहा टाकायला आत गेली.

अण्णा दिवसभर शीळ घालत होते.

सोमवार, १४ डिसेंबर २०१५

काल एवढंच सुचत होतं की मी मूर्ख ठरलो. आज प्रेसपाशी उभा असताना एकदम पुढचं सुचलं.

ठिपका असलेला नकली. मग ठिपका नसलेला?

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. डेसच्या बिल्ल्याचे फोटो फोनमध्ये होते, ते अण्णांपुढे धरले. त्यांना क्षणसुद्धा लागला नाही. "हा बघ नमुना! अस्साच होता. या तिसऱ्या पानाची शीर दुभंगलेली आहे ना, ती मला कोरताना साधली नाही, मी सरळ काढली. पिन कुणी रे डाखली ही, गाढवानं?"

मी सगळं सांगितलं. डेस, डबी, चिठ्ठी, पूल. अण्णांचं हसू हळूहळू मावळलं. "मला सिनेमाला म्हणून सांगितलं रे," एवढंच दोनदा म्हणाले. मग म्हणाले, "डेस म्हणजे तोच ना, ज्यानं तुला पहिली नोकरी दिली?"

"हो."

"आणि त्याच्या बापाला तू लबाड ठरवलंस. माझ्या तिटेवरून."

मी फोन खिशात ठेवला.

"मग बसलायस काय? जायला नको?"

रात्री जेवले नाहीत. मीही जेवलो नाही. त्या आजीबाई आठवत राहिल्या, काचेवर हात ठेवलेल्या. काचेखाली भोसरी.

रविवार, २० डिसेंबर २०१५

पाच दिवस टाळलं. आज अण्णा सकाळीच बूट घालून बसले.

डेस पुलावर होता. अण्णांना बघून उठला, टोपी काढली. मी घडाघडा सांगून टाकलं, थांबलो असतो तर जमलं नसतं. तुझा बिल्ला खरा होता. माझे चारही खोटे आहेत. ते यांनी बनवलेत, माझ्या वडिलांनी, आणि मी ओळखलं नाही. अण्णा छातीवर हात ठेवून, ठशाचा इंग्रजी शब्द आठवून म्हणाले, "माय डाय. माय मिस्टेक. सॉरी."

डेस कठड्याला टेकून खाली बसला. गळ पाण्यात तसाच.

म्हणाला, "ॲन्झॅक डेला मी घरी बसलो. डॅडचा फोटो भिंतीवरून काढला. दहा महिने मी त्याला शिव्या देतोय, यतीन. मनातल्या मनात. रोज." मग अण्णांकडे वळून म्हणाला, "तुमची चूक नाही, सर. तुम्ही सांगितलेलं काम केलंत." माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी सांगत होतो तुला पिनेचं. तू ऐकलं नाहीस."

मला अण्णांसमोर रडू आलं. पस्तिशी उलटलेला माणूस, पुलावर, लोक मासे धरतायत.

अण्णा म्हणाले, "त्याला सांग, मी नवा करून देतो. अगदी नमुन्यासारखा. तीट न लावता." आयुष्यात त्यांनी एकही ठसा तिटेशिवाय सोडलेला नाही. मला हे भाषांतर करायचं नव्हतं. पण डेस विचारत राहिला काय म्हणाले, काय म्हणाले, म्हणून केलं.

"नको," डेस म्हणाला. "पण थँक यू सांग त्यांना."

त्यानं गळ गुंडाळला, बादली उचलली आणि गेला. बादली रिकामीच होती. अण्णा किती तरी वेळ पाण्याकडे बघत उभे होते.

रविवार, १७ जानेवारी २०१६

फोरमवर लिहिलं: ठिपका असलेला प्रत्येक बिल्ला नकली आहे, १९९८ साली पुण्याजवळ भोसरीत माझ्या वडिलांनी सिनेमासाठी म्हणून बनवला, आणि तो अस्सल असल्याचं मी सांगितलं ते साफ चूक होतं. कॅनडातल्या म्हाताऱ्यानं एकच शब्द लिहिला, तो इथं लिहीत नाही. हॉलच्या सेक्रेटरीलाही जाऊन सांगितलं. त्या आजीबाईंचं नाव तिला माहीत नव्हतं.

अण्णांनी चारही बिल्ले माझ्या व्हाइसमध्ये धरून करवतीनं स्वतः कापले. मी कापतो म्हटलं तर ऐकलं नाही. तुकडे हातात घेऊन म्हणाले, "काम मात्र चांगलं होतं रे." मी म्हटलं, "हो अण्णा. फार चांगलं होतं." सतरा वर्षं उशिरा म्हटलं, पण म्हटलं. मंगळवारी त्यांचं विमान.

डेसला तीन वेळा फोन केला. उचलत नाही.

सोमवार, २५ एप्रिल २०१६

पहाटे एकटाच स्मारकापाशी गेलो, गर्दीच्या मागं उभा राहिलो. बिगुल वाजला, लोक पांगले, तेव्हा डेस दिसला. उजव्या बाजूला वडिलांची पदकं होती. मला बघून थांबला. मी तिथनं निघावं की थांबावं मला कळेना. तोच आला आणि बाकावर बसला. मीही बसलो.

"आता वेळ आहे तुला?" त्यानं विचारलं.

म्हटलं, आहे.

मग त्यानं सांगितलं. ऑलिव्हच्या बागेत टेडला एक जर्मन पोरगा सापडला, पोटात गोळी लागलेला. एकोणीस-वीसचा असेल. टेडनं आपल्या बाटलीतलं पाणी त्याला पाजलं. पोरानं एका हातानं छातीवरचा बिल्ला ओढून काढला, पिन मोडून कोटातच राहिली, आणि तो टेडच्या मुठीत कोंबून "मुटर, मुटर" म्हणत राहिला. आईला दे. टेडनं नाव विचारलं, तोवर उशीर झाला होता. कैरोच्या वर्कशॉपमध्ये त्यानं आपल्या शर्टाची सेफ्टी पिन कापून बिल्ल्याला डाखली. "मोडकी वस्तू कुणाच्या आईच्या हातात कशी द्यायची, असं म्हणायचा. वर्षानुवर्षं पत्रं लिहीत होता जर्मनीला. नावच माहीत नाही, तर कोण सापडणार?"

मांगेरेच्या पुलाखाली गाळात कुठंतरी तो बिल्ला पडलाय, आणि तो तिथं डेसनं टाकला असला तरी टाकला मीच.

"डॅडला डाखकाम येत नव्हतं," डेस म्हणाला. "फार वाईट केलं होतं ना?"

"दिसायला वाईट होतं," मी म्हटलं. "पण पक्कं होतं, डेस. मी ओढून बघितलं होतं."